असन आणि असे

मोहाच्या फुलांचा वास नाकात शिरत नाही, तो घशात उतरतो. गोड, जड, किंचित आंबूस असा तो वास फाल्गुनाच्या अखेरीला वैनगंगेकाठच्या रानातून पहाटेच उठतो आणि नदीवरच्या गारव्यात मिसळून आमच्या गावच्या देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत येतो. तिथे त्याला वटवाघळांचा कुबट वास भेटतो, शिळ्या बेलपानांचा भेटतो आणि ओल्या दगडाचा. आयुष्यभर मी प्रकाशाचं शास्त्र शिकवलं, वक्रीभवन, विवर्तन, सगळं खडूने फळ्यावर काढून दाखवलं; पण प्रकाश म्हटला की मला अजूनही आधी हा वास आठवतो. माझ्या आयुष्याचं जे काही बरंवाईट झालं ते त्या गाभाऱ्यातल्या एका कवडशामुळे. आणि नीट विचार केला तर कवडशाचाही त्यात काही दोष नव्हता. दोष एका क्रियापदाचा होता.

चंद्रपूरला तेव्हा कुणी चंद्रपूर म्हणत नसे, चांदाच म्हणत. आणि वैनगंगेपलीकडचं सूरजागडपर्यंतचं सगळं रान चांदा जिल्ह्यातच मोडत असे. आमचं गाव मार्कंड्याच्या वरच्या अंगाला, नदीच्या अलीकडच्या तीरावर. धानाची शेतं, एक तलाव, काठावर मासेमारी करणाऱ्या ढिवरांची वस्ती. शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला जाणारी माणसं आमच्या घाटावरून डोंग्यात बसून पलीकडे उतरत, आणि उतरता उतरता आमच्या महादेवालाही लांबूनच हात जोडत. तेवढाच त्याचा मान. देऊळ मार्कंड्याच्या जुन्या देवळांच्याच काळचं असावं, पण त्याचं अर्धं शिखर ढासळलेलं, आणि दाराच्या वर, भिंतीत, एक वाकडंतिकडं भोक होतं. त्या भोकातून ऊन आत यायचं. लहानपणी आम्ही त्या कवडशात हात धरून धुळीचे कण पकडायचो, आणि मूठ उघडली की ती रिकामी असायची.

अशा गावातून मी नागपूरला कॉलेजात गेलो तो तोंडात ‘मले’ आणि ‘तुले’ घेऊन. वर्गातली मुलं खुसुखुसु हसत. पदार्थविज्ञानाचे आमचे सर मात्र हसले नाहीत. सर पुण्याचे, उच्चार असे की वाटे, प्रत्येक शब्द धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलेला आहे. ते म्हणाले, ‘ही बोली सोडू नकोस, वासुदेवा. हिच्यात जुने शब्द जिवंत असतात.’ परगावात पहिल्यांदाच कुणी माझ्या बोलण्याला काही किंमत दिली होती. त्या एका वाक्यावर मी त्यांचा झालो, आणि पुढे काही वर्षं, सांगायला लाज कसली, मी त्यांची जवळजवळ पूजाच केली.

त्यांनीच मला दाखवलं की पदार्थविज्ञानाला भूतकाळ असतो. एका संध्याकाळी प्रयोगशाळेत सगळे गेल्यावर त्यांनी बादलीत पाणी भरलं आणि बुडाला बारीक भोक असलेलं, वेळ मोजायचं तांब्याचं जुनं घटिकापात्र त्यावर तरंगत सोडलं. पात्र हळूहळू भरत गेलं, जड झालं आणि गुपचूप बुडालं. सर म्हणाले, हे भोक कुणीतरी पाडलं. ते पहिल्यांदा मोठं झालं असेल, मग त्याने दुसरं भांडं घेतलं असेल. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, पण त्याची चिकाटी या भोकात आहे. खिडकीबाहेर संत्र्यांच्या गाड्या चालल्या होत्या, त्यांचा वास आत येत होता, आणि मला वाटलं, आपल्याला जन्मभर हेच करायचंय: प्रकाश मोजायचा, आणि आपल्याआधी तो कुणी कुणी मोजला ते शोधायचं. सरांचं एक वाक्य मी तेव्हापासून जपून ठेवलं होतं. मोजलं नाही ते मानायचं नाही. तेच माझं घर, तीच माझी शेतीवाडी. वासुदेवाने मोजलं म्हणजे ते तसंच असणार, हा लौकिक सोडला तर माझ्यापाशी दुसरं काहीही नव्हतं.

बोलता बोलता एकदा मी त्यांना आमच्या देवळातल्या भोकाबद्दल सांगितलं. सरांचे डोळे चमकले. पौषाच्या सुट्टीत ते माझ्यासोबत गावी आले. नागभीडवरून छोट्या गाडीने मूलपर्यंत, पुढे आमच्या रेंगीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून, धुळीने माखून, तक्रारीचा एक शब्द न काढता. आईने केलेली जवसाची चटणी त्यांनी मागून घेतली. सकाळी देवळात गेले, त्या भोकाखाली उभे राहिले, आणि मान वर करून त्याच्या कडा न्याहाळत राहिले. मग म्हणाले, ‘हा झरोका आहे. विषुवदिनी, दिवस आणि रात्र समसमान असतात त्या दिवशी, यातून पहिला किरण थेट पिंडीवर येत असणार. हे देऊळ नव्हे, हे यंत्र आहे.’ ‘यंत्र’ हा शब्द त्यांनी अशा आवाजात उच्चारला की माझ्या अंगावर काटा आला.

बाहेर घाटावर सोमाभाऊ जाळं दुरुस्त करत बसले होते. हे आमच्या गावचे ढिवर, डोंगा चालवणारे. मला पोहायला त्यांनीच शिकवलं. पाहुणा दिसताच ते उठले, खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी डोंग्याची कड झटकली आणि सरांना म्हणाले, ‘बसा.’ मी घरचा, मी वाळूतच बसलो. सरांनी फार आदराने, सावकाश विचारलं, की दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा त्या झरोक्यातून सूर्याचा किरण पिंडीवर पडतो का हो? सोमाभाऊंनी एकदा देवळाकडे पाहिलं, एकदा नदीकडे, आणि म्हणाले, ‘पडत असन बा.’

सरांनी माझा दंड धरला. ‘पडत असे,’ ते म्हणाले. ‘ऐकलंस, वासुदेवा? पडत असे. म्हणजे ही परंपरेची स्मृती आहे.’

आता हे ज्याला आमच्याकडचं मराठी येत नाही त्याला समजावून सांगावं लागेल. पुस्तकातलं ‘असे’ म्हणजे पूर्वी नेहमी घडायचं ते. त्या शब्दात इतिहास असतो, साक्ष असते. आमचं ‘असन’ म्हणजे नुसतं ‘असेल’. असेल बुवा, कुणी पाहिलंय. आणि त्यातही एक खोच आहे. घरच्या माणसाशी आम्ही सरळ बोलतो, हो तर हो आणि नाई तर नाई. ‘असन’ आम्ही पाहुण्यासाठी काढून ठेवलेलं असतं. परक्या माणसाचं म्हणणं खोडून काढणं बरं दिसत नाही, आणि खोटं ‘हो’ म्हणवत नाही, तेव्हा हा शब्द पुढे करायचा; पाण्याचा तांब्या द्यावा तसा. सोमाभाऊंनी सरांना माहिती दिलीच नव्हती. त्यांनी पाहुणचार केला होता.

रेंगीतून परतताना मी सरांना हे सगळं सांगितलं. ते मनापासून हसले. म्हणाले, बरं झालं सांगितलंस, नाहीतर माझी फजितीच होती. आता असं कर, फाल्गुनात तू स्वतः येऊन पाहा. मोजलं नाही ते मानायचं नाही. त्या क्षणी ते मला जितके मोठे वाटले तितका मोठा माणूस मला पुढे कधीच कुणी वाटला नाही.

फाल्गुनात मी गेलो. ओळंबा, होकायंत्र, दोरी, सगळं घेऊन. रानात पळस पेटलेला होता, मोहाखाली बाया टोपल्या घेऊन वाकलेल्या होत्या, आणि गाभाऱ्यात मी पिंडीकडे डोळे लावून बसलो होतो. ऊन आलं. ते मागच्या भिंतीवर वर लागलं, पिंडीपासून बरंच लांब, उत्तरेच्या अंगाला. आणि सूर्य जसा वर चढत दक्षिणेकडे कलला तसा कवडसा खाली उतरत आणखी उत्तरेकडे गेला आणि कोपऱ्यातल्या एका रिकाम्या कोनाड्यात जाऊन बसला. पिंडीला तो शिवलाच नाही. देवळाचं तोंड मुळात थोडं ईशान्येकडे वळलेलं. विषुवदिनी असं होणारच. त्यातून संध्याकाळी वडिलांनी सांगितलं की ते भोक कुणी पाडलेलंच नाही, त्यांच्या वडिलांच्या लहानपणी वीज पडली तेव्हा शिखरही ढासळलं आणि तिथला दगडही निखळला. झरोका नव्हता, यंत्र नव्हतं. होतं ते विजेने केलेलं भगदाड.

मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण एक वेगळाच आनंदही झाला. खरं काय ते हाताशी आलं म्हणजे होतो तो. नागपूरला जाऊन मी सरांना सगळं सांगितलं, आकृती काढून दाखवली. त्यांनी आकृती पाहिली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘उत्तम काम केलंस.’ एवढंच म्हणाले. मी ते शाबासकी म्हणून घेतलं. आज वाटतं, तो हात जरा लवकर उचलला गेला होता.

दसऱ्यानंतर नागपुरात विद्वानांची एक परिषद भरली. सर बोलणार होते, विषय भारतातील प्राचीन वेधसाधने. मी पुढच्याच रांगेत बसलो होतो, नवा सदरा घालून. सर सावली मोजायच्या शंकूबद्दल बोलले, घटिकापात्राबद्दल बोलले, आणि मग त्या घडी केलेल्या, धुतलेल्या मराठीत म्हणाले की वैनगंगेच्या तीरावर, घनदाट अरण्यात, एक असं मंदिर आहे जे साक्षात यंत्र आहे; विषुवदिनी त्याच्या झरोक्यातून सूर्यकिरण पिंडीवर पडत असे, अशी तिथल्या नावाड्यांची पिढीजात साक्ष आहे; आणि माझ्या विद्यार्थ्याने, त्याच मातीत जन्मलेल्या वासुदेवाने, तिथे जाऊन प्रत्यक्ष मोजमापं घेतली आहेत. त्यांनी माझ्याकडे हात केला. सभागृह वळून माझ्याकडे पाहू लागलं आणि टाळ्या सुरू झाल्या. माझ्याबद्दल सर एक अक्षरही खोटं बोलले नव्हते, हे बघा. मोजमापं मी घेतलीच होती. ती काय निघाली, एवढंच त्यांनी गाळलं.

टाळ्या संपायच्या आत मी बाहेर आलो. अंगणातल्या बुचाच्या झाडाखाली पांढऱ्या फुलांचा सडा पडला होता. त्यावर मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. राग नंतर आला. आधी वाटली ती लाज, आणि तीही सरांची. आपल्या वडिलांना कुणाच्या खिशात हात घालताना पाहावं तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो. ते पूजा आटोपून झोपाळ्यावर बसले होते. मी म्हटलं, सर, तो माणूस ‘असन’ म्हणाला होता. ते म्हणाले, ‘असन काय आणि असे काय, एका अक्षराचा तर फरक.’ मी म्हटलं, कवडसा पिंडीवर पडत नाही. तेव्हा त्यांनी झोपाळा थांबवला. फार मायेने बोलले. तेच तर सहन होईना. म्हणाले, ‘तू मोजलंस ते बरोबरच आहे, वासुदेवा. पण देश आत्ता कुठे उभा राहतोय. परक्यांनी दीडशे वर्षं आपल्याला सांगितलं की तुम्हांला काही येत नव्हतं. एखादं देऊळ यंत्र ठरलं तर कुणाचं काय बिघडलं?’ मी म्हटलं, मग त्यातून माझं नाव काढा. ते म्हणाले, ‘नाव काढलं तर त्यात उरतं काय? सगळं तुझ्या मोजमापावरच तर उभं आहे.’ आणि झोपाळा पुन्हा सुरू झाला.

ज्याने मोजायला शिकवलं त्यानेच केसाने गळा कापला. दुसरा कुणी असता तर मी भांडलो असतो, शिव्या घातल्या असत्या, मोकळा झालो असतो. इथे ज्या भाषेत भांडायचं ती भाषाही त्यांचीच होती. आणि जी माझी होती, जिच्यात जुने शब्द जिवंत असतात असं ते म्हणाले होते, तिच्यातला एक साधा, जिवंत शब्द त्यांनी माझ्या देखत मारला होता. देशाची सबब मला तेव्हाही पटली नाही आणि आजही पटत नाही. ज्या अनाम माणसाने घटिकापात्राचं भोक पुन्हा पुन्हा पाडून पाहिलं, त्याचा याहून मोठा अपमान कोणता?

भाषणाचं पुस्तक निघालं. त्यात माझं नाव होतं, ‘मोजमापे’ या शब्दाशेजारी. मी एका मासिकात त्याचं खंडन लिहिलं, आकृतीसकट. ते मासिक कुणी वाचत नसे, आणि वाचणाऱ्यांनी मला कृतघ्न ठरवलं. सरांच्या हाताखालचं संशोधन मी सोडलं. त्यांच्या शिफारशीवाचून नागपुरात जागा मिळणं शक्य नव्हतं, म्हणून वऱ्हाडातल्या एका लहान कॉलेजात शिकवायला गेलो, आणि उरलेल्या वेळात एकट्याने जुन्या शंकूंच्या, जुन्या सावल्यांच्या मागे लागलो. काम होत राहिलं. पण एखादी गोष्ट सापडून आनंद झाला की हटकून वाटे, हे सरांना सांगावं. आणि मग त्या आनंदाला कडवट चव यायची. दगा देणारा माणूस आपला आनंदही नासवून जातो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मधे काही वर्षं गेली. वडील गेले, आई माझ्याकडे आली, गाव सुटल्यासारखंच झालं. मग एका फाल्गुनात, शेताचं काही काम निघालं म्हणून गेलो, आणि पहाटे मोहाचा वास घशात उतरला तसा उठून घाटाकडे निघालो. पाहतो तर देवळापुढे माणसं. रेंग्या सोडलेल्या, बैल चारा खाताहेत, चामोर्शीकडून आलेली काही शिकलेली मंडळी, आणि दारात नारळांचा ढीग. विषुवदिन होता. मला तो आठवलाही नव्हता.

मी आत घुसलो. कवडसा तसाच आला, मागच्या भिंतीवर वर लागला, तसाच उत्तरेकडे सरकत खाली उतरला आणि कोपऱ्यातल्या त्याच कोनाड्यात गेला. फक्त कोनाडा आता रिकामा नव्हता. त्यात नदीतला एक काळा, गुळगुळीत गोटा बसवलेला होता, त्याला भस्माचे पट्टे होते, वर बेल होता. आणि ऊन नेमकं त्याच्या माथ्यावर येऊन थांबलं. लोकांनी हात जोडले. मधली जुनी पिंड अंधारात तशीच राहिली.

सोमाभाऊ घाटावरच होते, थकलेले, पण मला पाहून तोंडभर हसले. मी त्यांच्याजवळ वाळूत बसलो. त्यांना सांगायचंच होतं. म्हणाले, ‘वासू, तुयं नाव पुस्तकात आलं, शाळेतल्या मास्तरनं वाचून दाखोलं. मंग लोक येऊ लागले. पन किरन पिंडीवर पडे नाई. लोक हासत जात. म्हनत, तुमच्या वासूनं खोटंच लिवलं. मले लय लागलं ते. वासू काऊन खोटं लिवन? मंग आमी बसून ठरोलं, देवाची पयलची जागा तिथीच होती, कोन्यात. गोटा आनून बसोला.’ माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, ‘तुयं नाव खाली नाई पडू देलं आमी.’

इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या पुस्तकाने फक्त मला फसवलं. आणि इथे सगळं गाव, माझ्या नावावर भरवसा ठेवून, माझ्यासाठी देवाची जागा बदलून मोकळं झालं होतं. असं कुणी कुणासाठी करतं? डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातही सरांचा राग होता. गप्प बसणं सोपं होतं. पण हा माणूस माझा होता. त्याच्याशी हो तर हो आणि नाई तर नाई, एवढंच मला येत होतं.

म्हटलं, ‘भाऊ, मी तसं लिवलंच नव्हतं. किरन पिंडीवर पडत नाई, हेच मी मोजलं होतं. त्या भोकात कायी नाई, वीज पडून दगड निघाला तिथचा. पुस्तकातलं खोटं आहे.’

सोमाभाऊंचा हात गुडघ्यावरून निघाला. त्यांनी एकदा देवळाकडे पाहिलं. आतून घंटेचा आवाज येत होता, आणि नारळाचं पाणी दगडावरून ओघळत होतं. मग त्यांनी नदीकडे पाहिलं.

‘असन, मास्तर,’ ते म्हणाले. उठले, खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी डोंग्याची कड झटकली, आणि मला म्हणाले, ‘बसा.’